बांध कोणी राखायचा? गोव्यातील पंचायतींना एक खुले पत्र

प्रति,
गोव्यातील १९१ ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि पंच सदस्य

सप्रेम नमस्कार.

देश २०४७ पर्यंत विकसित करायचा आणि गोवा त्याच्या दहा वर्षे आधी, म्हणजे घटकराज्याला पन्नास वर्षे पूर्ण होतील त्या २०३७ साली, असे उद्दिष्ट सरकारने जाहीर केले आहे. ते मलाही मनापासून हवे आहे. हे पत्र मुख्यमंत्र्यांना किंवा चाळीस आमदारांना लिहिता आले असते. पण उच्च माध्यमिकच्या मुलांना अर्थशास्त्र शिकवताना, गरीब देश पुढे कसे गेले हे वाचताना, माझी एक खात्री होत गेली. या कामातला सर्वांत अवघड भाग पर्वरीला, विधानसभेत, होत नाही, तो गावात होतो किंवा होतच नाही. म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

आधी पैशाचे बघू. जागतिक बँक ज्यांना उच्च उत्पन्नाचे देश म्हणते त्यांची सीमारेषा आज वर्षाला दरडोई सुमारे १४ हजार डॉलर आहे. भारत अजून तीन हजारांच्या आत आहे. गोवा मध्ये कुठेतरी येतो. आपले दरडोई उत्पन्न पाच लाख रुपयांच्या पुढे गेले आहे, देशाच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त. हीच एक कसोटी असती तर जवळपास अर्धी वाट आपण चालून आलो, असे म्हणता आले असते. पण जे एकेकट्याने विकत घेता येत नाही, सगळ्यांनी मिळून सांभाळावे लागते, त्याच्याकडे बघा. भर मे महिन्यात नळाला पाणी किती वेळ येते? मडगावच्या सोनसोड्यावर कचऱ्याचा डोंगर किती वर्षे उभा राहिला? साळ नदीचे काय झाले? घाटात दरड कोसळून बेळगावची वाट दोन दिवस बंद राहिली, तर भाजी आणि दूध कुठून आणायचे? दारात दोन गाड्या असलेल्या घरालाही हे प्रश्न सुटलेले नाहीत.

पैसा आला म्हणून देश विकसित होत नाही, हे सांगायला प्रशांत महासागरातले नाऊरू पुरेसे आहे. जेमतेम २१ चौरस किलोमीटरचे हे बेट १९६८ मध्ये स्वतंत्र झाले. फॉस्फेटच्या खाणींमुळे १९७० च्या दशकात तिथले दरडोई उत्पन्न जगातल्या सर्वांत वरच्या देशांच्या पंक्तीला गेले. विमान कंपनी काढली, मेलबर्नला उंच इमारत बांधली. फॉस्फेट संपत आले, राखून ठेवलेला निधी चुकीच्या गुंतवणुकींत बुडाला, बेटाचा मधला भाग खणून उजाड झाला. पुढे ऑस्ट्रेलियाने आश्रय मागणाऱ्यांना ठेवण्यासाठी तिथे छावणी उभारली आणि तो त्या देशाचा उत्पन्नाचा मोठा आधार झाला.

मी डिचोली तालुक्यातली आहे. नाऊरूची हकिकत वाचताना मी परक्या देशाबद्दल वाचते आहे असे मला वाटले नाही. २०१० च्या सुमारास गोव्यातून वर्षाला जवळपास पाच कोटी टन लोहखनिज बाहेर जात होते. ज्याला त्याला टिपर ट्रक घ्यायचा होता, बँका कर्ज देत होत्या, आणि माझ्या अकरावीच्या वर्गातली मुले स्टिअरिंगवर बसायला निघून जात होती. त्यांना दोष कसा देणार? महिन्याला घरात जो पैसा येत होता तो कुठल्याही पदवीने दिला नसता. मग बेकायदा खाणींची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबर २०१२ मध्ये राज्य सरकारने आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणी थांबवल्या. २०१८ मध्ये ८८ लीजचे नूतनीकरणही रद्द झाले. हप्ते थकले, ट्रक अंगणात उभे राहिले. शेतांत आणि ओहोळांत खाणींच्या डंपांवरून, म्हणजे टाकाऊ मातीच्या ढिगांवरून, वाहून आलेली माती होती, विहिरी आटल्या होत्या, आणि तिशीतल्या मुलांच्या हातात ट्रक चालवण्यापलीकडे दुसरे कसब नव्हते. इतकी वर्षे आपण डोंगर विकला. त्यातून गावाला नवे काही करता येऊ लागले का, हे त्या काळात फार थोड्यांनी विचारले.

आपले खनिज १९५० च्या दशकापासून जपानला जात होते. जपानकडे स्वतःचे पुरेसे लोहखनिज नव्हते, तरी पोलाद त्यांनी केले, त्या पोलादाची जहाजे आणि मोटारी केल्या. दक्षिण कोरियाने पोहांगला पोलाद कारखाना काढायचे ठरवले तेव्हा परदेशी कर्जदात्यांनी, हे तुम्हाला परवडणार नाही, म्हणून हात वर केले. कोरियाने वसाहतकाळाच्या संदर्भात जपानकडून मिळालेल्या रकमेतला वाटा तिकडे वळवला, माणसे जपानला पाठवून शिकवून आणली, आणि १९७३ मध्ये भट्टी पेटली. डिचोलीला पोलाद कारखाना हवा होता असे माझे म्हणणे नाही. त्याला लागणारी जागा आणि पाणी आपल्याला झेपले नसते. पण खनिज वाहणाऱ्या बार्जेसमुळे मांडवी आणि जुवारीच्या काठांवर जहाजबांधणीचे कसब तयार झाले होते, ते वाढवता आले असते. वाढवले तिथे काय होते हेही आपल्या डोळ्यांसमोर आहे. पोर्तुगीज काळात १९५७ मध्ये लहान प्रमाणावर निघालेले वास्कोचे गोवा शिपयार्ड आज नौदलाला आणि तटरक्षक दलाला जहाजे बांधून देते, श्रीलंकेच्या नौदलालाही दिली आहेत, मॉरिशसच्या तटरक्षक दलालाही त्याने वेगवान गस्ती नौका दिल्या आहेत.

मॉरिशसचे नाव निघाले म्हणून थोडे थांबते. ते बेट आपल्याहून लहान आहे. गोवा ३,७०२ चौरस किलोमीटर, तर मॉरिशस साधारण दोन हजार. लोकसंख्याही आपल्याहून थोडी कमीच. उसाच्या मळ्यांत राबायला नेलेल्या आपल्या मराठी माणसांचे वंशज आजही तिथे आहेत. पुढे नोबेल मिळालेले अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ च्या सुमारास या बेटाचे भवितव्य अंधारातच पाहिले होते. एकच पीक, वाढती लोकसंख्या, जाती-धर्माचे ताण. मॉरिशसने १९७० मध्ये निर्यातीसाठी कापड उद्योग आणायचा कायदा केला, १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत केले, मग पर्यटन, मग वित्तसेवा. २०२० मध्ये जागतिक बँकेने त्यांना उच्च उत्पन्नाच्या यादीत घेतले. करोनाने ते लगेच खाली आले, पण उंबरठा एकदा ओलांडून झाला होता. पर्यटन त्यांच्याकडेही आहे, समुद्र त्यांच्याकडेही आहे. एका वेळी एकाच गोष्टीवर विसंबायचे नाही आणि प्रत्येक टप्प्याला लोकांना नवे काम शिकवायचे, हे त्यांनी धरून ठेवले.

आता आपल्याकडच्या एका मोठ्या कामाबद्दल. १९६१ ला मुक्ती मिळाली तेव्हा गोव्यात शंभरातल्या जेमतेम तीसएक माणसांना लिहिता-वाचता येत होते. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण ८८ टक्क्यांच्या पुढे गेले. १९६३ मध्ये आलेल्या भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारने गावोगाव प्राथमिक शाळा काढल्या. जिथे इमारत नव्हती तिथे देवळाच्या चौकात, कोणाच्या ओसरीवर वर्ग भरले. १९६४ चा कूळ कायदा, शशिकलाताई काकोडकरांच्या काळातला १९७५ चा मुंडकार कायदा, १९७६ ची कूळ कायद्यातली दुरुस्ती, यांनी कसणाऱ्याला जमीन आणि राहणाऱ्याला घर मिळायची वाट उघडली. दक्षिण कोरियानेही नेमकी हीच दोन कामे आधी केली. १९५० च्या आसपास जमिनीचे फेरवाटप, त्यात तीन हेक्टरांच्या वर कोणाकडे शेतजमीन ठेवायची नाही असा दंडक, आणि प्रत्येक मुलासाठी शाळा. पोलाद आणि मोटारी नंतर आल्या. तेव्हा कोणी म्हणाले की गोव्याने काहीच केले नाही, तर ते खरे नाही. आपल्या आईवडिलांच्या पिढीने पहिल्या दोन पायऱ्या चढून दिल्या आहेत. माझ्या आजीला सही येत नव्हती आणि मी पदव्युत्तर शिकले, ते त्यांच्यामुळे.

तिसऱ्या पायरीवर आपण अडलो. शेत कोणाचे, हे कायद्याने ठरवले. शेताचा बांध कोणी राखायचा, हे मात्र नीट बसवले नाही. चोडण, दिवाडी, सांत इस्तेव इथल्या पंचांना खाजन शेतीबद्दल मी वेगळे सांगायला नको, पण ज्या तालुक्यांत खाजने नाहीत त्यांच्यासाठी सांगते. खाडीकाठची ही सुमारे १७-१८ हजार हेक्टर जमीन समुद्राच्या पातळीला किंवा तिच्याही खाली आहे. ती शेकडो वर्षे पिकली ती माती, पेंढा आणि चिऱ्यांच्या बांधांमुळे आणि मानशींमुळे, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांमुळे. मानशीची लाकडी दारे ओहोटीला उघडतात, शेतातले पाणी बाहेर सोडतात, आणि भरती आली की पाण्याच्याच दाबाने मिटतात. आत कोरगुटसारखे खारे पाणी सोसणारे भात, भातानंतर भाजी, मानशीच्या तोंडाशी मासळी. मासळीची पावणी (लिलाव) व्हायची, शेतांची पावणी व्हायची, त्या पैशातून गावकरी, म्हणजे गावची जुनी सामाईक जमीनसंस्था, आधी बांधाचा खर्च काढून ठेवायची, आणि उरलेले गांवकारांना जोण म्हणून वाटले जायचे. आधी बांध, मग वाटणी. या क्रमामुळे खाजने टिकली.

ती व्यवस्था न्यायाची होती असे मी म्हणणार नाही. गांवकार म्हणजे ठरावीक घराण्यांतले पुरुष. बांधावर चिखल टाकणाऱ्यांना त्या हिशेबात जागा नव्हती, बायकांना तर नव्हतीच. कूळ कायद्याने ती असमानता मोडायला हवीच होती. पण जुनी जबाबदारी ज्यांच्याकडून गेली त्यांच्या जागी कूळ संघटना आल्या, आणि त्यांतल्या कितीतरी आज कागदावरच उरल्या आहेत. बांधाला खिंडार पडले की संघटना मृद संधारण खात्याकडे बोट दाखवते, खाते निविदेकडे, कंत्राटदार पावसाकडे. दरम्यान एका भरतीत खारे पाणी आत शिरते आणि शेत पुढची काही वर्षे नापीक होते. काही ठिकाणी मानशीचा ठेकेदारच जास्त मासळीसाठी दारे उघडी ठेवतो. पडीक शेतात कांदळवन वाढते, मग त्याला हात लावायला कायदा आडवा येतो. शेवटी मालक म्हणतो, विकून टाकूया.

विकसित देशांत आणि आपल्यात मला सर्वांत मोठा फरक इथे दिसतो. नेदरलँड्सचीही बरीच जमीन समुद्राच्या पातळीखाली आहे. तिथल्या बांधांची देखभाल करणारी पाणी मंडळे तेराव्या शतकापासून चालत आली आहेत, त्यांच्या निवडणुका होतात, त्यांचा वेगळा कर असतो, आणि बांधाचा कोणता तुकडा कोणाच्या अखत्यारीत आहे हे ठरलेले असते. आपल्याकडेही तेच ज्ञान होते. आज आपल्याकडे नव्या कामाच्या उद्घाटनाला कोनशिला असते, पण त्याच कामाच्या दहाव्या वर्षीच्या दुरुस्तीला अंदाजपत्रकात ओळ नसते. पूल, नळयोजना, शाळेचे छप्पर, कला अकादमी, काहीही घ्या.

कोरियातला एक प्रसंग तुम्ही लक्षात ठेवावा असे मला वाटते, कारण तो पंचायतींच्याच कामाचा आहे. १९७० मध्ये त्या देशात सिमेंट जास्त झाले होते. सरकारने देशातल्या तेहतीस हजारांवर गावांना प्रत्येकी ३३५ पोती मोफत दिली. अट एकच, सिमेंट सगळ्या गावाच्या कामाला लावायचे, वाटून घ्यायचे नाही. कोणते काम ते गावाने ठरवायचे. काही गावांनी रस्ता रुंद केला, विहीर बांधली, ओढ्यावर साकव घातला, स्वतःचे श्रम आणि पैसा त्यात ओतला. काही गावांत पोती पडून दगड झाली. पुढच्या वर्षी सरकारने सरसकट वाटप बंद केले. ज्या सुमारे १६,६०० गावांनी काम करून दाखवले होते त्यांनाच प्रत्येकी ५०० पोती सिमेंट आणि एक टन लोखंड दिले. मागे राहिलेली गावे शेजारच्या गावाकडे बघून कामाला लागली. आपल्याकडे निधी कसा येतो हे तुम्ही मला सांगू शकाल. आमदार कोणत्या पक्षाचा आणि पंच कोणाच्या गटाचा, यावर तो येतो. काम कसे केले यावर पुढचा निधी ठरला असता, तर आज कितीतरी पंचायतींचे चित्र वेगळे असते.

हे ऐकून बाजारात कोणीतरी म्हणतेच, कोरियात तेव्हा लष्करशहा होता, आपल्यालाही तसाच दंडुका हवा. मला हे अजिबात मान्य नाही. पार्क चुंग-ही यांच्या राजवटीत माणसे तुरुंगात सडली, आणि त्यांच्यामागून आलेल्या लष्करी सत्तेच्या काळात, १९८० मध्ये, ग्वांगजू शहरात सैन्याने नागरिकांवर गोळ्या झाडल्या. जगात लष्करशहा पुष्कळ झाले आणि त्यांतल्या बहुतेकांनी आपले देश धुळीला मिळवले. कोरियन लोकांनी १९८७ मध्ये, आपल्याला घटकराज्य मिळाले त्याच वर्षी, रस्त्यावर उतरून खुली निवडणूक मिळवली आणि त्यानंतरही तो देश वाढतच गेला. त्यांच्याकडून घ्यायचे असेल तर जमीन, शाळा, कसब आणि कामानुसार निधी हे घ्यावे.

नोकऱ्यांबद्दल थोडेच लिहिते, कारण त्या जखमेवर फार बोलवत नाही. २०२४ च्या अखेरीस सरकारी नोकरीसाठी लाखो रुपये मोजल्याच्या तक्रारी एकामागून एक पुढे आल्या आणि अटका झाल्या. तो पैसा गरीब आणि मध्यम घरांचा होता, दागिने गहाण टाकून उभा केलेला. त्यात एखादे वर्कशॉप निघाले असते, मुलगी परिचारिका किंवा तंत्रज्ञ झाली असती. वेर्ण्याच्या औषध कारखान्यांना कुशल माणसे लागतात, शिपयार्डला वेल्डर आणि फिटर लागतात, दोनापावलला १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. आपल्या वाड्यावरच्या मुलांना या दारांची ओळख करून देणे हे पंचायतीला पैसा न लागता जमणारे काम आहे. दहावीचा निकाल लागला की आयटीआयचे शिक्षक आणि कारखान्यातली माणसे पंचायत सभागृहात बोलवा, पालकांसमोर बसवा.

आणि जमीन. डोंगरातले खनिज विकून झाल्यावर आता आपण डोंगरच विकतो आहोत. नगरनियोजन कायद्यातल्या १७(२) आणि ३९अ या कलमांखाली सर्व्हे नंबर एकेक करून शेत, फळबाग, उतार यांचे रूपांतर वस्तीच्या जमिनीत होत आले. त्याविरुद्ध ग्रामसभांतून जो आवाज उठला तो योग्यच आहे. निर्णय पणजीत होतो, हे मला ठाऊक आहे. पण बांधकाम परवाना तुमच्या सहीने जातो. त्या सहीआधी इतके तरी ग्रामसभेपुढे ठेवा: या शंभर फ्लॅटांना पाणी कुठल्या योजनेतून येणार, सांडपाणी कुठे जाणार, कचरा कोण उचलणार, आणि पुढची वीस वर्षे हा खर्च कुठून निघणार. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खनिजाच्या विक्रीतला दहावा हिस्सा पुढच्या पिढ्यांसाठी कायमस्वरूपी निधीत ठेवायला सांगितले. नॉर्वेने तेलाच्या बाबतीत हे स्वतःहून केले आणि आज तो देश त्या निधीतला थोडाच भाग दरवर्षी खर्चाला घेतो. जमिनीसाठी असा विचार करणारे अजून कोणी नाही. तो तुम्ही सुरू करा.

तुमच्यापैकी अनेक जण म्हणतील, बाई, आमच्याकडे अधिकार कुठे आहेत, सचिव दोन-दोन पंचायती सांभाळतो, तांत्रिक माणूस नाही. ते खरे आहे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी २९ विषय अकराव्या अनुसूचीत लिहिले. १९९४ मध्ये गोव्याचा पंचायतराज कायदा झाला, तरी त्यांतले थोडेच विषय पैसा आणि माणसांसकट तुमच्यापर्यंत आले. पण ते मागायला १९१ पंचायतींनी मिळून एकसारखा ठराव केला, असे मी ऐकलेले नाही. एकेका पंचायतीचे निवेदन फाईलमध्ये जाते. १९१ ठराव एकाच महिन्यात आले तर २०२७ ची निवडणूक समोर असलेल्या कोणत्याही आमदाराला ते वाचावे लागतील.

म्हणून माझी विनंती येत्या ग्रामसभेपुरती आहे. विषयपत्रिकेवर एक विषय घ्या: गावातील बांध, मानशी, तळी, झरी, सार्वजनिक विहिरी आणि शाळेच्या इमारती, त्यांची आजची अवस्था आणि प्रत्येकाची देखभाल कोणाकडे. यादी वाचून दाखवा. प्रत्येक नोंदीपुढे एका माणसाचे नाव आणि पावसापूर्वीची तपासणीची तारीख लिहा. अंदाजपत्रकात दुरुस्तीचे शीर्ष वेगळे करा आणि त्यातला पैसा दुसरीकडे वळवायचा असेल तर ग्रामसभेची मंजुरी घ्या. कूळ संघटना झोपली असेल तर तिची सर्वसाधारण सभा बोलवा, आणि त्या सभेला शेतात राबणाऱ्या बायकाही येतील हे बघा. त्याच बैठकीत २९ विषयांचा ठराव मांडा.

माझ्या गावच्या पंचायतीकडे हा विषय घेण्यासाठी मी लेखी अर्ज दिला आहे. यादी तयार करायला माझे काही माजी विद्यार्थी आणि मी वाड्यावाड्यांवर फिरायला तयार आहोत. तुमच्या गावातही असे निवृत्त शिक्षक, तलाठी, अभियंते असतील, त्यांना बोलावून बघा.

आपली नम्र,
डिचोली तालुक्यातील एक निवृत्त शिक्षिका